बेघरांवर घरगुती उपाय

बिल्डिंगखालच्या फुटपाथवर कुणी पथारी पसरली की तुमचा चहा गोड लागत नाही ना? मुंबईत वापरून पाहिलेले काही उपाय देतो.

दुकानाच्या कट्ट्यावर टोकदार लोखंडी खिळे ठोका. गुडघे दुखणाऱ्या आजीलाही टेकता येणार नाही, तेवढा जास्तीचा फायदा.

पहाटे पाइपाने पाणी मारा.

आणि रामबाण म्हणजे फोन करून गाडी बोलवा. 1959 चा भीकबंदीचा कायदा आहेच. वॉरंट लागत नाही. माणसाने हात पसरलाच पाहिजे असंही नाही. पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि भीक मागून जगत असावा अशा अवस्थेत रस्त्यावर आहे, एवढं पुरतं. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं डांबता येतं, पुन्हा पुन्हा सापडला तर दहापर्यंत. आमच्या पुलाखालच्या छत्रीवाल्या काकांना गेल्या आठवड्यात असंच उचललं. पुढ्यात पक्कड, तारा, सुई-दोरा आणि माझी उघडी छत्री, तरी साधन ‘दिसलं’ नाही! ऐन पावसाळ्यात! ज्या गृहस्थांनी फोन केला, त्यांच्या छत्रीची काडीसुद्धा जूनमध्ये काकांनीच बसवली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली याच कायद्याची शिक्षेची कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरती. कायदा मुंबईचा, सुटले दिल्लीकर.

रात्रनिवाऱ्याचा विषय तर काढूच नका. सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांना लाख वस्तीमागे एक निवारा सांगितलाय, म्हणजे सव्वा कोटींच्या मुंबईत सव्वाशे. आपल्या वॉर्डात किती, हे विचारायला जाऊ नका. 2011 च्या जनगणनेत या शहरात सत्तावन्न हजारांवर बेघर आणि पावणेपाच लाखांवर रिकामी घरं निघाली, तेही विसरा.

छे, नाही जमत मला हे गोड बोलणं. अहो, लाज वाटत नाही का? भाडं वाढलं की तुम्हीच लिफ्टमध्ये रडता ना? मग छत्र्या शिवणाऱ्याने डिपॉझिट कुठून आणायचं? डांबायला खोली आहे, जेवण आहे, वर पहारेकरी आहे. तीच खोली कुलूप न लावता द्यायला सरकारचं काय जातं? आणि तुमचं काय जातं?

सोमवारी काकांच्या सुटकेचा आणि वॉर्डात निवारा हवा असा, दोन्ही अर्ज घेऊन निघतोय. सही करायला खाली या. छत्री आणा, माझी मुद्देमालात जमा आहे.