प्रमेय १.१ कुठं गेलं?

सोलापुरात मानाचा प्रश्न फार नाजूक. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सात नंदीध्वज निघतात, त्यातला पुढं कुठला आणि मागं कुठला हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा आमच्या सरांचं गणिताचं पुस्तक मी लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवायच्या संगणक प्रणालीत, लावायला घेतलं, त्याच दिवशी कळायला हवं होतं की व्याख्या, प्रमेय, उपप्रमेय आणि उदाहरण यांच्यात मानावरून जुंपणार.

या मंडळींना नंबर देणारी आज्ञा तशी साधी. 'न्यूथिअरम' म्हणायचं, पहिल्या महिरपी कंसात आपल्यापुरतं नाव, दुसऱ्यात छापायचं नाव. नंबर लाटेक स्वतः टाकतं. सगळी गोम चौकटी कंसात. तो मध्ये घातला तर 'हा दुसऱ्याच्या नंबरावर जगणार', शेवटी घातला तर 'प्रकरण बदललं की पुन्हा एकपासून'. दोन्हीकडे घातला की एरर. ती तरी सरळ असावी? 'बिगिन डॉक्युमेंट सापडत नाही' म्हणून बोंब, आणि ते खाली डोळ्यांसमोर बसलेलं!

सगळ्यांना एकाच रांगेत घेतलं. व्याख्या १.१, प्रमेय १.२, उदाहरण १.३. सरांनी प्रिंट हातात घेतली.

"प्रमेय १.१ कुठं गेलं ओ?"

"सर, १.१ व्याख्येला गेला."

"म्हणजे आमचं पहिलं प्रमेय दुसरं?"

वाचकाला पानं चाळताना सोपं पडतं, हे मी परोपरीनं सांगितलं. मे महिन्याच्या सोलापुरात, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, परोपरीनं सांगण्याला मर्यादा असते. रांगा वेगळ्या केल्या. मग व्याख्या १.४ च्या खाली प्रमेय १.१, त्याखाली उदाहरण १.७, आणि पलीकडे उपप्रमेय १.१. सर खूष. वाचकाचं तो बघून घेईल.

'अमुक प्रमेय पाहा' अशा संदर्भांत नंबरांच्या जागी दोन-दोन प्रश्नचिन्हं आली, तेव्हा मात्र सर हादरले. "पुस्तकात आपण शंका विचारायलोय का बे?" लाटेक पहिल्या फेरीत नंबर नुसते टिपून ठेवतं आणि दुसऱ्या फेरीत जागेवर भरतं, हे त्यांना पटेना. दुसऱ्यांदा चालवल्यावर चिन्हं गेली. सर म्हणाले, "पहिल्यांदाच दोनदा चालवायचं की!"

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथनं १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं बघून वैतागून टेक, म्हणजे लाटेकच्या पोटातली मूळ प्रणाली, लिहायला घेतलं. लेस्ली लॅम्पोर्टनं त्यावर लाटेक चढवलं ते १९८० च्या दशकात. टेकच्या आवृत्तीचा नंबर प्रत्येक सुधारणेला गणितातल्या पाय (π) या संख्येच्या दिशेनं एकेक अंक सरकतो, सध्या ३.१४१५९२६५३ वर आहे. नंबराबद्दल इतका हट्टी माणूस सरांच्या घरात सहज शोभला असता.

प्रमेयाचा मजकूर तिरका छापायची लाटेकची हौस आमच्या फाँटनं परस्पर मोडली. त्याला तिरकं रूपच नाही. लॉगमध्ये कुरकुर आणि पानावर सगळं सरळ.

पुस्तकाचे सहलेखक म्हणजे सरांचेच जुने विद्यार्थी. त्यांचं एक प्रमेय शेवटच्या प्रकरणात होतं. सरांनी हळूच सांगितलं, "त्याला नंबर नको." आज्ञेपुढं तारा दिला की नंबर येत नाही, तो मी दिला. सहलेखक आले, माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"फक्त माझ्याच प्रमेयाला स्टार?"

"होय सर. तुमच्या एकट्याच्याच."

चहा त्यांनी सांगितला. जाताना वर शेंगाचटणीचा पुडा.