एका किकमध्ये चालू होते!

जुनी मोटरसायकल विकणाऱ्या माणसाला फार शब्द लागत नाहीत. सहा वाक्यांत त्याचं काम भागतं. ‘एका किकमध्ये चालू होते.’ ‘इंजिन अजून उघडलेलंसुद्धा नाही.’ ‘इंजिन आत्ताच बांधून घेतलंय.’ ‘फक्त कार्ब्युरेटर साफ करायचाय.’ ‘जुन्या गाड्या एवढा आवाज करतातच.’ आणि ‘तुमच्या आधी दोघं जण बघून गेलेत.’ यातलं दुसरं आणि तिसरं वाक्य एकाच माणसाच्या तोंडून पाच मिनिटांच्या अंतराने येऊ शकतं, आणि ऐकणारा दोन्हींना मान डोलावतो. कारण त्याचं लक्ष टाकीच्या गोलाईकडे असतं. मी काही याला अपवाद नाही. टाकीवरची सोनेरी रेघ दिसली की माझी अक्कल गुडघ्यात जाते. म्हणून पहिली दहा मिनिटं टाकीकडे बघायचंच नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. खाली बघायचं. इंजिन खाली असतं.

त्याआधीचं काम फोनवर होतं. ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका,’ एवढंच सांगायचं. पोचल्यावर हस्तांदोलनाच्या आधी सिलिंडरच्या फिन आणि सायलेन्सरच्या पाइपचं पहिलं वळण यांच्याजवळ हात न्यायचा. हाताची मागची बाजू न्या, तळवा नको. तळवा पुढे लागतो. ऊब लागली तर समजावं, कुणीतरी सकाळीच घाम गाळून ठेवलाय. गरम इंजिन म्हणजे पढवून आणलेला साक्षीदार. पिस्टन फुगून बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, नीट बसलेला असतो, त्यामुळे तो थंडपणी करतो तो खडखडाट लपतो. व्हॉल्व गाइडमधून, म्हणजे व्हॉल्वचा दांडा सरकतो त्या नळीतून, रात्रभर झिरपलेलं ऑइल जळून गेलेलं असतं, म्हणजे सुरुवातीचा निळा धूरही गेला. आणि पंधरा किका मारून गाडी चालू झाली असेल, तर त्या पंधरा किकाही इतिहासजमा झाल्या. अशा वेळी मी गाडी गार होईपर्यंत थांबतो. मालकाला ते आवडत नाही. न आवडू दे.

थांबायचंच आहे तर स्क्रू बघावेत. इंजिनाच्या बाजूच्या झाकणांचे स्क्रू हे त्या गाडीचं खरं आत्मचरित्र. खाचा शाबूत असतील तर ज्याने हात लावला त्याच्याकडे योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर होता. खाचा गोल झालेल्या, कडेला छिन्नीचे घाव, चारांतला एक स्क्रू भलत्याच डोक्याचा, असं दिसलं की ‘इंजिन उघडलेलंसुद्धा नाही’ या वाक्याचा निकाल तिथेच लागला. दोन झाकणांच्या फटीतून सिलिकॉनचा गॅस्केट-लेप बाहेर ओघळलेला दिसतोय का बघा. जेवढा बाहेर आलाय तेवढाच आतही गेलेला असतो, आणि आत त्याचे तुकडे सुटले की ऑइलच्या बारीक वाटा बुजवतात. नुकतं धुतलेलं, चांदीचा रंग मारलेलं इंजिन बघून खूश होऊ नये. वरून कीर्तन, आतून तमाशा. थोडा ऑइलचा घाम आलेलं धुळकट इंजिन मला जास्त प्रामाणिक वाटतं. निदान ते कुठून गळतंय ते तरी कळतं.

पुढच्या स्प्रॉकेटजवळ, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाजवळ, क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या पेटीवर) वेल्डिंगची जाड रेघ असेल तर कधीतरी चेन तुटून तिथे गोळा झाली आणि तिने केस फोडली. वेल्डिंग चांगलं असेल तर गाडी चालते, पण किंमत ठरवताना ती रेघ विसरायची नाही. इंजिन नंबर कागदाशी एकेक आकड्यावर बोट ठेवून ताडून बघायचा. नंबराखालची जागा घासलेली किंवा आकडे वेडेवाकडे ठोकलेले दिसले, तर पुढचं काहीच बघू नका, घरी या.

आता किक. चावी बंद, पेट्रोल बंद. हो, आणि जावा-येझदीसारख्या गाडीवर गिअरचा आणि किकचा दांडा एकच असतो, हे माहीत नसेल तर तो शोधण्यातच तुमचा रुबाब संपतो. किक जोरात मारायची नाही, वजनाने हळूहळू दाबायची. एका सिलिंडरच्या फोरस्ट्रोक गाडीत क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा दाब येतो. त्या जागी किकवर उभं राहिलं तर चांगलं इंजिन क्षणभर तुम्हाला तोलून धरतं आणि मग उसासा टाकत खाली जातं. पाय लोण्यात गेल्यासारखा गेला तर पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व किंवा दोन्ही गेलेत. मात्र लगेच शहाणपणा करू नका. डिकॉम्प्रेसर (किक हलकी जावी म्हणून दाब सोडणारी झडप) अडकून उघडा राहिला असेल तरी असंच होतं आणि तो दोष किरकोळ आहे. किक खाली जाते पण इंजिन फिरतच नाही, तर क्लच सरकतोय किंवा किकच्या दातऱ्याचे दात गेलेत. किक हलतच नाही, तर इंजिन जाम आहे. अशा गाडीवर उड्या मारणाऱ्यांची जमात मोठी आहे. त्यांनी उड्या मारल्या की जाम रिंग सुटण्याऐवजी तुटते. प्लगच्या भोकातून थोडं पातळ ऑइल सोडून रात्रभर मुरू द्यावं, मग हळूच प्रयत्न करावा. मॅग्नेटोच्या, म्हणजे बॅटरीविना ठिणगीची वीज स्वतःच बनवणाऱ्या, बऱ्याच जुन्या गाड्यांना हँडलवर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागेपुढे करणारा दांडा असतो. तो किक मारण्याआधी मागे घ्यायचा. विसरलात तर किक उलटी येते, आणि मग नडगीला जे कळतं ते मेंदूला कळायची गरज उरत नाही.

प्लग काढा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, ओला आणि तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतंय. कोरा करकरीत प्लग निघाला तर जुना मागा. मालक बहुधा म्हणतो, टाकून दिला. पन्नास वर्षांपूर्वीची टूलकिट जपणाऱ्या माणसाने नेमका प्लग टाकून दिलेला असतो.

प्लग निघालाच आहे तर आत पातळ टॉर्च किंवा मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा घालून पिस्टनचं डोकं बघा. बऱ्याच पिस्टनवर ओव्हरसाइझचा, म्हणजे झिजलेला सिलिंडर कोरून किती मोठा केलाय त्याचा, आकडा ठोकलेला असतो: ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिलिमीटर, ब्रिटिश गाड्यांत इंचात, ०.०२०, ०.०४०, ०.०६०. काजळीखाली तो दिसेलच असं नाही, पण दिसला तर सोन्याहून पिवळं. शेवटच्या मापावर पोचलेल्या गाडीत पुढच्या वेळी नुसतं बोअर करून भागत नाही, नवी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, बसवावी लागते. ‘इंजिन आत्ताच बांधलंय’ असं कुणी म्हणालं की मी एकच प्रश्न विचारतो: ‘पिस्टन कितीचा?’ ज्याने खरंच बांधून घेतलंय त्याला आकडा पाठ असतो. बाकीचे आकाशाकडे बघतात.

कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा काटा, सोबत न्यावाच. पण त्याची पद्धत चुकली की तो बिचारा खोटं बोलतो. इंजिन गरम हवं, म्हणजे ही तपासणी फेरफटक्यानंतरची. सगळे प्लग काढायचे, स्पार्क बंद, आणि अॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळून धरायची. लोक मूठ विसरतात. हवा आतच शिरत नाही आणि धडधाकट इंजिन क्षयरोगी ठरतं. काटा चढायचा थांबेपर्यंत किका मारा, सहा ते दहा लागतात. साडेसहाला एक अशा मवाळ कॉम्प्रेशन रेशोच्या (हवा किती पट दाबली जाते त्याच्या) जुन्या इंजिनात १०० पीएसआयच्या (गेजवरचं दाबाचं एकक) आसपास आकडा आला तर रडू नका, त्याची कुवतच तेवढी आहे. दोन सिलिंडरची गाडी असेल तर आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर एक सिलिंडर दुसऱ्याच्या जिवावर जगतोय. आकडा कमी आला तर चमचाभर, म्हणजे ५ मिली, ऑइल प्लगच्या भोकातून सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा उसळला तर रिंगा आणि बोअर गेलेत, कारण ऑइलने ती फट तेवढ्यापुरती बुजवली. जागचा हलला नाही तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट. रिंगा असोत की व्हॉल्व, मालक दोन्ही वेळेला ‘फक्त कार्ब्युरेटर’च म्हणणार.

ऑइल बोटावर घेऊन बघा. काळं असणं हा गुन्हा नाही. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, पेट्रोलचा वास येत असेल तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळतेय. चमचम करत असेल तर लोहचुंबक लावा: चिकटलं ते पोलाद, म्हणजे बेअरिंग, गिअर वगैरे, न चिकटलेलं रुपेरी अॅल्युमिनियम, म्हणजे बहुधा पिस्टन, पिवळसर असेल तर बुश. जुन्या ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टनची तऱ्हा वेगळी. त्यांचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसते म्हणून वरून लिटरभर ओतू नका, आधी खाली काय साठलंय ते बघा. इंजिन चालू झाल्यावर टाकीचं झाकण उघडून परतीच्या नळीकडे बघायचं. ऑइल तुटक तुटक, हवेचे बुडबुडे घेऊन पडायला हवं. परतीचा पंप मुद्दामच जास्त ताकदीचा असतो, खाली काही उरलं नाही की तो हवा ओढतो. मिनिटभरात काहीच परत आलं नाही तर इंजिन बंद करा. मालक ‘अजून थोडं थांबा’ म्हणाला तरी बंद करा.

आता चालू केल्यावर सायलेन्सरच्या मागे उभं राहायचं, चांगले कपडे न घालता. पहिल्या मिनिटाची विरळ पांढरी वाफ म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी, तिला माफी. चालू होताना निळा भपकारा येऊन थांबला तर व्हॉल्व गाइड. उतारावर मूठ सोडून पुन्हा पिळल्यावर आला तरी गाइडच, कारण मूठ बंद असताना आतली पोकळी तिथूनच ऑइल ओढते. चढावर ओझं पडल्यावर एकसारखा निळा धूर म्हणजे रिंगा. टूस्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत ऑइलही जाळणारी गाडी, धूर सोडतेच, म्हणून तिथे फसवणूक सोपी. तिच्यात क्रँकचे सील बघायचे. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितं: धुराला गिअर ऑइलचा करपट वास, जमिनीवर एक थेंब नाही, आणि गिअरबॉक्समधली पातळी मात्र कमी. दुसऱ्या बाजूचं सील गेलं की तिथून हवा आत घुसते, मिश्रण पातळ होतं, मूठ सोडली तरी रेस खाली यायला कुरकुर करते. हा आवाज ऐकायला फार ऐटदार असतो. काही किलोमीटरनंतर पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो.

आवाजाच्या बाबतीत लांब स्क्रूड्रायव्हरसारखं यंत्र नाही. टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडावर. चेन आणि फिरत्या भागांपासून लांब राहा. काही कळलं नाही तरी चेहरा गंभीर ठेवावा. मालक आपोआप गप्प होतो आणि बऱ्याचदा स्वतःहून एखादा दोष सांगून टाकतो. वरून येणारी बारीक, क्रँकच्या निम्म्या गतीची टिकटिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व ढकलणाऱ्या भागाची, ती गॅप लावून जाते. टॅपेट अजिबातच वाजत नसेल तर मला जास्त काळजी वाटते: विकायच्या आधी कुणीतरी ती आवळून बसवलीय, आणि व्हॉल्व पूर्ण बंद होत नसेल तर जळणार. थंडपणीचा बोदा टकटकाट दोनतीन मिनिटांत विरला तर पिस्टन जरा सैल आहे, चालवून घेता येतं. न्यूट्रलमधली खडखड क्लच दाबल्यावर गेली तर आवाज क्लच-गिअरबॉक्सकडचा. पण ओझं पडल्यावर खालून, पोटातून ठक ठक येत असेल तर तो बिग एंड, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग. क्रँक काढून, फोडून, नवा रॉड संच बसवणं आलं. याला मेकॅनिकांच्या भाषेत फुल इंजिन म्हणतात, आणि ते शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रसन्नता येते.

फेरफटका वीस मिनिटांचा हवा, गल्लीच्या टोकापर्यंतचा नको. प्रत्येक गिअरमध्ये एकदा जोरात मूठ पिळायची आणि एकदा एकदम सोडायची. घसरला तर गिअर तेव्हाच घसरतो, बहुतेक वेळा दुसरा. मग परत येऊन इंजिन बंद करायचं, खाली पुठ्ठा सरकवायचा आणि दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. पुठ्ठ्यावर एखादा थेंब पडतो, तेवढं चालतं. ही दहा मिनिटं थेंबांसाठी नसतातच मुळी. बंद केल्यावर इंजिनातली धग बाहेर झिरपत मॅग्नेटोपर्यंत, कॉइलपर्यंत, कंडेन्सरपर्यंत पोचते. त्यांतलं जे म्हातारं झालंय ते थंड असताना उत्तम स्पार्क देतं आणि तापलं की मान टाकतं. म्हणून आता, नेमकी याच वेळी, पुन्हा किक.

एक. दोन. सात. अकरा.

मालक पुढे येतो, चोक बघतो, पेट्रोलचा कॉक उघडबंद करतो आणि त्याचं सातवं वाक्य बोलतो: ‘आत्तापर्यंत असं कधीच झालं नव्हतं.’ या एका वाक्यावर माझा पूर्ण विश्वास बसतो. सलग वीस मिनिटं ती गाडी त्यानेही कधी चालवलेली नसते.