रक्तात खोट नाही

सकाळपासून डोकं फिरलंय. ताईच्या स्थळाकडून नकार आला. मध्यस्थ काकांनी खळ्यात उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "त्यांच्या रगतातच खोट आसा, म्हनतत." बाबा तिथेच सुपारी सोलत बसले होते हो! मान वर केली नाही त्यांनी, हात तेवढा थांबला.

बाबांना सीएमएल आहे, रक्ताचा कॅन्सर. सहा वर्षं झाली. रोज जेवणाबरोबर इमॅटिनिबची गोळी. आणि आई ती पट्टी पोह्यांच्या डब्यात लपवते, आल्या-गेल्याला दिसू नये म्हणून.

खोट म्हणे! अरे रक्त बनतं बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, स्टेम सेलपासून, म्हणजे मूळ पेशींपासून, तिथल्या एका पेशीत ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली, बीसीआर आणि एबीएल हे दोन जीन भलतीकडे जोडले गेले आणि ती पेशी वाढतच सुटली, एवढंच झालंय. जन्मानंतर झालंय, त्या एका पेशीत. आजोबांकडून आलं नाही, ताईकडे जाणार नाही. काही घराण्यांत रक्ताच्या कॅन्सरचा धोका जन्मतःच असतो, मान्य, पण ती मोजकी, आणि बाबांचं हे तसलं नाही. वय वाढेल तसे बारीकसारीक बदल तर सगळ्यांच्याच स्टेम सेलमध्ये साठत जातात, नकार कळवणाऱ्यांच्यासुद्धा.

१९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड या संशोधकांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत २२ नंबरचं गुणसूत्र आखूड झालेलं दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली या शास्त्रज्ञ बाईंनी घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून जुळवले तेव्हा कळलं, तुकडा हरवला नाही, दुसरीकडे जाऊन चिकटलाय. २००१ मध्ये गोळी आली. २०१३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं म्हणून स्वस्तातली मिळत राहिली. ४० वर्षं माणसं त्या एका चुकीच्या मागे लागली म्हणून माझा बाप आज खळ्यात सुपारी सोलत बसलाय, आणि तुम्ही त्याच्यासमोर खोट काढता? तुमच्यातले दोघं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाचा नीट.

दुपारी आईवरही ओरडलो, लपवतेस कशाला म्हणून. ओरडायला नको होतं. ताईसाठीच लपवत होती ती.

आत्ता जेवताना बाबांनी स्वतःच डब्यात हात घालून पट्टी काढली, तिला लागलेला पोह्यांचा भुगा झटकला, गोळी घेतली आणि पट्टी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवून दिली. आईने ताटं उचलली, पट्टी नाही उचलली.