चिंचेपासनं खाली

कागदावर पत्ता होता : पाटील (मिलिटरी), मारुती गल्ली, कंग्राली के. संपला पत्ता.

बेळगावाभोवती ज्यानं एकदा तरी सर्व्हेचं काम केलंय, त्याच्या पोटात एवढ्यानंच गोळा येईल. कंग्राळ्या दोन, एक बुद्रुक, एक खुर्द. इंग्रजी यादीत त्यांचं बी.के. आणि के.एच. होतं. आता माझ्या वाट्याचा 'के' हा शेपूट तुटलेला खुर्द की मुंडी उडालेला बुद्रुक, हे यादी टाइप करणाऱ्यालाच ठाऊक. मारुतीबद्दल तर बोलायलाच नको. मारुती नाही असं गाव या मुलखात शोधून दाखवा, की त्याच्या नावाची गल्ली मी दाखवतो.

"एवढं काय, शेजारचं घर घे की," असं आमच्या घरी सुचवतात. चालत नाही. घर चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून आलेलं असतं, तेच पाहिजे. कुलूप असलं तर वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या मारायच्या, मगच 'दार बंद' लिहायचं. नियम मला पटतो. (मानधन जमा झालं की जास्त पटतो.) सहज सापडणाऱ्यांनाच विचारत सुटलं तर कट्ट्यावरचे रिटायर्ड मामा तेवढे मोजले जातील आणि अहवालात अख्खा जिल्हा पेन्शनवर जगताना दिसेल.

शिवाय आमच्याकडे पत्ता सांगतात तो जे आहे त्यावरून नव्हे, जे होतं त्यावरून. बोगारवेशीत वेस नाही, गोवावेशीत वेस नाही. पाट्यांवर धर्मवीर संभाजी चौक आणि बसवेश्वर सर्कल, रिक्षावाला मात्र अजून वेशीतच सोडतो. २०१४ साली बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्याला एवढी वर्षं झाली. खरं, कुणी 'कुठले तुम्ही?' विचारलं की तोंडातून काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे.

तर खुर्दपासून सुरुवात केली. ऐन लावणीचे दिवस, वरून धो धो पाऊस, पायांत तांबडा चिखल. एका कट्ट्यावर, पत्र्याखाली, एक मामा बसलेले.

"मामा, पाटलांचं घर कुठं?"

"कुठले पाटील?"

"मारुती गल्लीतले."

"ही मारुती गल्लीच की. कुठले पाटील?"

मी हुकमाचं पान टाकलं. "मिलिटरीतले."

मामांचा चेहरा उजळला. "हां! सुभेदार का हवालदार?"

मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच. या पट्ट्यात 'मिलिटरीतले पाटील' विचारणं म्हणजे कोकणात जाऊन 'आंब्याचं झाड असलेले' विचारणं. मामांनी बोटांवर सात घरं मोजली, आणि आठव्याला थांबून माझ्या पिशवीकडं बघितलं.

"फायनान्सचे काय तुम्ही?"

झालं! पिशवी, कागद आणि पाटलांची चौकशी, म्हणजे हप्ता वसूल करणारा. अख्ख्या गल्लीची स्मरणशक्ती एकदम गेली. सातही पाटील मामांच्या मुठीत परत गेले. समोरच्या दारातली मावशी मघापर्यंत सुनेवर खणखणीत मराठीत ओरडत होती. मी वळल्याबरोबर ती कन्नडमध्ये शिरली. "गोत्तिल्लरी." माहीत नाही म्हणे.

शेवटी अंगणवाडी गाठली. आमच्या धंद्यात ज्याला लवकर अंगणवाडी सुचते तो टिकतो. बाईंनी रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. "धाकटे पाटील ते. नातू आमच्यात येतो. चिंचेकडनं आत जावा."

बाहेर येऊन बघितलं, चिंच कुठं दिसेना. परत गेलो.

"तोडली की, रस्ता केला तेव्हा."

"मग मला कशी कळणार?"

"तिथं आता काहीच नाही की. लगेच दिसतंय."

आणि खरोखर दिसलं. घरांच्या रांगेत दात पडल्यासारखी एक मोकळी जागा, तिच्या कडेनं बोळ, बोळाच्या टोकाला दार. चौकटीवर नंबरांची जत्रा. पोलिओवाल्यांचा खडू, पंचायतीचा पत्रा, २०११ च्या जनगणनेचा अर्धा पुसलेला आकडा, आणि कुणा पोरानं त्यात आपल्या हातानं घातलेला एक ७. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. विजेच्या मीटरवरचा आर.आर. नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, मात्र माझ्या यादीशी अंकन् अंक जुळला. मी हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, मीटरला मनोभावे हात जोडले. दार उघडणाऱ्या सुनेनं ते बघितलं आणि दार थोडं पुढं ओढलं.

ओळखपत्र दाखवलं, चहा आला, घरातल्या माणसांची यादी झाली. आता त्यांतलं कुणाला विचारायचं हेसुद्धा आम्ही नाही ठरवत, मोबाईल ठरवतो. मोबाईलनं सासूबाई निवडल्या.

"आत्ती नाहीत. रोप लावायला गेल्यात."

"संध्याकाळी येतो."

"संध्याकाळी देवळात भजन असतंय. शेतातच जावा की, लांब नाही."

"शेत कुठं?"

सून उंबऱ्यावर आली आणि पावसात हात लांब केला.

"चिंचेपासनं खाली."