त्यांना निदान घोषणा तरी देऊ द्या

दर वर्षी १० मार्च, म्हणजे १९५९ च्या तिबेटमधल्या चीनविरोधी उठावाचा स्मरणदिन, आला की टीव्हीवर काही सेकंदांची तीच क्लिप येते. दिल्लीत चीनच्या वकिलातीकडे तिबेटी पोरं-पोरी धावत सुटलीयेत, पोलीस त्यांना हातापायाला धरून उचलून बसमध्ये कोंबतायत, एखादी पोरगी बसच्या जाळीतून झेंडा बाहेर काढायची धडपड करतेय, आणि लगेच पुढची बातमी. बघणारे दोनच गोष्टी बोलतात. एक, "इतकी वर्षं ओरडून काय मिळालं यांना?" आणि दुसरी, "आपल्या देशात कशाला गोंधळ, तिकडे जाऊन करा की." ही दुसरी ऐकली की माझं डोकंच फिरतं. अरे, तिकडे जाऊन करता आलं असतं तर घरदार सोडून, लेकरं पाठीवर घेऊन हिमालय ओलांडून इकडे आले असते का ते लोक?

मी गोंदिया जिल्ह्यातला. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिचं नाव नोर्ग्येलिंग, पण आमच्याकडे सगळे नुसतं 'कॅम्प' म्हणतात. १९७२ सालची ही वसाहत, तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यात होता म्हणून त्यांच्याकडे अजूनही तिला भंडाराच म्हणतात. जंगलाच्या कडेला धानाची शेती, गोम्पा म्हणजे बौद्ध मठ, आणि थंडी सुरू झाली की अर्धा कॅम्प स्वेटर विकायला बाहेर. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत तिबेटी मार्केट लागतं, तुम्हीही तिथून कधी ना कधी मफलर घेतलाच असेल. माल लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून, बऱ्याचदा उधारीवर, तो सीझनमध्ये विकायचा आणि लोसार म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आत हिशोब मिटवून घरी परतायचं.

कॅम्पमधल्या एक ताई नागपूरला दुकान लावतात, त्यांची माझी चांगली ओळख आहे, बोलतात अगदी आमच्यासारखं. दलाई लामांच्या वाढदिवसाला, ६ जुलैला, कॅम्पमध्ये कार्यक्रम होता तेव्हा मी मोबाईलवर फोटो काढत होतो तर त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काढा भाऊ फोटो, पण माझा चेहरा नका टाकू फेसबुकवर." आधी मला वाटलं लाजतायत. मग त्यांनी सांगितलं की त्यांचा भाऊ तिबेटमध्येच राहिला, त्याला तिथल्या पोलिसांनी बोलावून विचारलं होतं की तुझी बहीण भारतात काय करते, कुणाबरोबर असते. म्हणजे बाई इथे गोंदियात नाचाचा कार्यक्रम बघायला उभी आहे आणि तिच्या फोटोचा हिशोब हजारो किलोमीटरवर तिचा भाऊ देणार. आधी वीचॅटवर थोडंफार बोलणं तरी व्हायचं, तेही सांभाळून, तब्येत, पाऊसपाणी, याकमेंढ्या एवढंच. जून २०२० मध्ये गलवाननंतर आपल्या सरकारने चिनी अ‍ॅप्स बंद केली त्यात वीचॅटही गेलं. त्या निर्णयावर मला इथे बोलायचं नाही, पण चीनला धडा शिकवला म्हणून आपण टाळ्या वाजवत होतो तेव्हा या माणसांचा घरच्यांशी असलेला शेवटचा धागा तुटत होता हे माझ्या तरी तेव्हा कुणाकडून ऐकण्यात आलं नाही.

आता तिकडे काय चालतं बघा. घरात दलाई लामांचा फोटो सापडला तरी माणूस आत जाऊ शकतो. पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचे धर्मगुरू, म्हणून ज्या सहा वर्षांच्या मुलाला दलाई लामांनी १९९५ मध्ये मान्यता दिली त्याला चीनने त्याच महिन्यात आईबापासकट उचललं, तो आज पस्तिशी ओलांडलेला माणूस असेल, आजवर कुणी त्याला बघितलेलं नाही. ताशी वांगचुक नावाचा एक साधा दुकानदार, त्याची मागणी एवढीच की आमच्या पोरांना शाळेत तिबेटी भाषा नीट शिकवा, जे चीनच्याच राज्यघटनेत लिहिलंय. एका अमेरिकन वर्तमानपत्राच्या कॅमेऱ्यासमोर तो हे बोलला म्हणून जानेवारी २०१६ मध्ये त्याला पकडलं आणि 'फुटीरतेला चिथावणी' म्हणून पाच वर्षं तुरुंगात. आपण इथे मराठी शाळा बंद पडतायत म्हणून मोर्चे काढतो, निवेदनं देतो, पोस्टी लिहितो, आणि रात्री घरी जाऊन जेवतो. तिकडे त्याच मागणीला पाच वर्षं. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितलं की सुमारे दहा लाख तिबेटी मुलं घरापासून तोडून सरकारी निवासी शाळांत ठेवलीयेत जिथे सगळं शिक्षण चिनीत.

आणि फेब्रुवारी २०२४ चं पूर्व तिबेटमधलं देर्गे. तिथे नदीवर मोठं धरण होणार, गावं आणि जुने मठ पाण्याखाली जाणार, त्यात शेकडो वर्षांची भित्तिचित्रं असलेला मठही आहे. ते व्हिडिओ मी पाहिलेत. म्हातारे लामा आणि गावकरी आलेल्या अधिकाऱ्यांसमोर जमिनीवर गुडघे टेकून, अंगठे वर करून हात जोडून विनवतायत, तिकडे विनंती करायची ती खूण आहे. घोषणा नाहीत, दगड नाहीत, काही नाही, फक्त विनवणी. त्यानंतर शेकडोंची धरपकड झाली. हे जगाला कळलं कसं? तिथल्या कुणीतरी जिवावर उदार होऊन फोनवर काढलं, बाहेर पाठवलं, आणि बाहेरच्या तिबेटींनी ते घेऊन वेगवेगळ्या देशांत चिनी वकिलातींसमोर ठाण मांडलं. "ओरडून काय मिळतं" याचं माझ्या मते हेच उत्तर आहे. आत बोललं की तुरुंग, मग बाहेर जो आहे त्यानेच बोलायचं, आणि तो गप्प बसला तर त्या गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्यांचं पुढे काय झालं हे विचारणारंही कुणी उरत नाही.

पण माझी खरी तक्रार आपल्याकडची आहे. चीनचा मोठा नेता भारतात येणार म्हटलं की सगळ्यात आधी काय होतं, तर तिबेटींची धरपकड. २००२ च्या जानेवारीत पंतप्रधान झू रोंगजी मुंबईत होते तेव्हा तेन्झिन त्सुंडू हा तिबेटी कवी-कार्यकर्ता, जो मुंबई विद्यापीठातच शिकला होता, ओबेरॉय हॉटेलच्या बाहेरच्या परांचीवरून चौदाव्या मजल्यापर्यंत चढला आणि 'फ्री तिबेट'चा बॅनर सोडला. एकटा माणूस, हातात पत्रकं. नंतर २००६ मध्ये चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ येणार म्हणून त्याला धरमशाला सोडायचीच बंदी घातली. २०१९ ला शी जिनपिंग मामल्लपुरमला येणार म्हणून त्याला तामिळनाडूत आधीच अटक, त्याच्याबरोबर तिकडे शिकणाऱ्या तिबेटी विद्यार्थ्यांनाही आत टाकलं. काही केलेलं नाही, करतील म्हणून. २०१२ तर मला आठवलं तरी कसंतरी होतं. हू जिंताओ ब्रिक्स परिषदेला येणार होते त्याच्या दोन दिवस आधी जामफेल येशी या २७ वर्षांच्या पोराने दिल्लीत जंतरमंतरजवळ निदर्शनातच स्वतःला पेटवून घेतलं आणि तो गेला. मला त्याचं कौतुक करायचं नाही, असा जीव जाऊच नये कुणाचा, पण त्यावर दिल्लीत काय झालं तर मजनू का टीला या तिबेटी वस्तीला पोलिसांनी वेढा घातला आणि शेकडो लोकांना ताब्यात घेतलं.

हे असं का होतं त्याचं मूळ जुनं आहे. १९५४ च्या चीनबरोबरच्या पंचशील करारात आपण 'चीनचा तिबेट प्रदेश' असं लिहून दिलं. तेव्हा २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यावर खडसावून टीका केली होती, ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपणच चीनची सीमा आपल्या दाराशी आणायला मदत केली, असा त्यांचा मुद्दा होता. आठ वर्षांत खरं झालं की ते. मग २००३ मध्ये वाजपेयींच्या चीन दौऱ्यातल्या जाहीरनाम्यात आपण पुन्हा लिहून दिलं की तिबेटींना भारतात चीनविरोधी राजकीय कारवाया करू देणार नाही. पक्ष कुठलाही असो, कागदावर हेच चालत आलंय. आणि 'राजकीय कारवाया' म्हणजे काय, तर फुटपाथवर उभं राहून झेंडा धरणंही त्यात बसवता येतं. या लोकांकडे असते ती आरसी, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचं पुस्तक, ते ठराविक काळाने पोलिसांकडे नूतनीकरणाला न्यायचं असतं. एखादी केस लागली की तिथे अडतं, प्रवासाच्या कागदांत अडतं. कायद्याने आपल्यासारखं मोकळं रस्त्यावर उतरणं त्यांच्या नशिबी नाही.

आणि लोकशाहीचं म्हणाल तर हे लोक आपल्याला काही शिकवतील अशी परिस्थिती आहे. देश हातात नाही, जमीन नाही, पोलीस नाही, तरी २ सप्टेंबर १९६० पासून यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी आहेत. आज ४५ जणांचं संसद-सभागृह आहे धरमशालेत, त्यांच्या सिक्योंगला, म्हणजे निर्वासित सरकारच्या प्रमुखाला, जगभर विखुरलेले तिबेटी मत देऊन निवडतात. १९६३ मध्ये केलेल्या घटनेत गरज पडली तर दलाई लामांचे अधिकार काढून घेता येतील असं कलम स्वतः दलाई लामांच्या आग्रहाने घातलं, लोकांना ते आवडलं नव्हतं तरी. आणि २०११ मध्ये त्यांनी सगळे राजकीय अधिकार स्वतःहून सोडले. कुणी मागितले नव्हते. खुर्ची सोडवत नाही अशी माणसं आपण रोज बघतो, म्हणून मला ही गोष्ट फार मोठी वाटते. बरं, त्यांची अधिकृत मागणी स्वातंत्र्याचीही नाही, चीनमध्येच राहून खरी स्वायत्तता द्या एवढीच आहे. तरुणांमध्ये रांगझेन म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य मागणारेही आहेत आणि त्यांचे आपसात कडाक्याचे वाद होतात, व्हायलाच हवेत. २००२ ते २०१० चीनशी चर्चेच्या फेऱ्या झाल्या, मग चीनने दार लावून घेतलं, त्यानंतर औपचारिक फेरी झालीच नाही.

लोक म्हणतात सरकारची मजबुरी असते, सीमेवर सैन्य उभं आहे. असते, मान्य. पण त्याच सीमेवर कोण उभं आहे तेही बघा. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी पँगाँगच्या भागात सुरुंगाच्या स्फोटात न्यिमा तेन्झिन हा आपल्या स्पेशल फ्रंटियर फोर्सचा तिबेटी जवान गेला. लेहमध्ये त्याच्या शवपेटीवर दोन झेंडे होते, आपला तिरंगा आणि तिबेटचा. भारत माता की जयच्या घोषणा झाल्या, सत्ताधारी पक्षाचे नेते तिथे हजर होते. जो झेंडा तेव्हा चालला तोच झेंडा एखाद्या कॉलेजच्या पोरीने चीनच्या वकिलातीसमोर धरला की पोलीस तो हिसकावून घेतात. हे मला पटत नाही, कितीही डिप्लोमसी समजावून सांगा. युद्ध करा असं कुणी म्हणत नाही, त्यांना बोलू द्या, उभं राहू द्या, पाहुणा येणार म्हणून आदल्या दिवशी घरातून उचलू नका, एवढंच मागणं आहे.

आणि आपल्याला यात काय करता येईल म्हणाल तर एक साधं काम आहे. आपल्या संसदेत तिबेटसाठी सर्वपक्षीय खासदारांचा एक गट आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्यातले काही खासदार दिल्लीत तिबेटी प्रतिनिधींबरोबर जेवायला गेले तर चिनी वकिलातीने त्यांना नाराजीचं पत्र पाठवलं, आपल्या निवडून दिलेल्या खासदारांना, आपल्याच राजधानीत. तुमच्या मतदारसंघाचे खासदार त्या गटात आहेत का हे त्यांच्या ऑफिसला फोन करून विचारा. नसतील तर का नाहीत तेही विचारा. मी आमच्याकडे विचारलंय, उत्तर आलं की इथेच लिहीन.