पाठांतराने रुजत नाही

‘पाचवी ते आठवीच्या मुलांकडून संविधानाची उद्देशिका रोज म्हणून घेतली की लोकशाही आपोआप रुजते’ हे एका लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. दापोली तालुक्यात मी २२ वर्षं मराठी शिकवलं. उद्देशिका आमची मुलं घडाघडा म्हणायची, पण ‘तुझं मत लिही’ म्हटलं की वहीत गाईडमधला निबंध उतरायचा.

एका वर्षी आठवीला महाडच्या सत्याग्रहाचा घटनाक्रम वाचायला दिला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं १९२४ ला, आणि बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं ते २० मार्च १९२७ ला. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, “बाई, ठराव झालावता ना? मग तीन वर्षं कोणी अडवलं?” त्या दिवशी व्याकरण राहिलं ते राहिलंच! उत्तर प्रत्येकाने आपापलं लिहून आणलं, शुद्धलेखनाला मी हात लावला नाही. एप्रिलात वाडीतली विहीर आटली तेव्हा याच मुलांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. मी फक्त पत्ता कुठे लिहायचा तेवढं सांगितलं.