स्वर्ग दोन बोटं उरला

सनस्क्रीनकडून माझ्या अपेक्षा फार नव्हत्या. रोज लावता यावं, त्यापायी महिनाअखेरीला उसनवारी करावी लागू नये आणि चेहऱ्यावर थोडी चमक यावी. थोडीशीच. "हिने काहीतरी फासलंय" अशी नाही. "हिची झोप नीट झालेली दिसतेय" एवढं लोक म्हणाले तरी पुरे. झोप काही होत नाही, निदान तिचा पुरावा तरी असावा.

"ऑफिसात तर बसून असतेस, तुला कशाला हवंय?" हे म्हणाले. ह्यांचा उन्हावर एकच इलाज, टोपी. डोक्यावरचं पीक गेल्यापासून बाहेर पडताना आधी टोपी, मग चप्पल. मी सांगितलं, माझी खुर्ची खिडकीशी आहे. काच उन्हातले यूव्हीबी किरण बरेचसे अडवते, पण यूव्हीए खुशाल आत येतात. यूव्हीबी त्वचा भाजतात, ते निदान कळतं तरी. यूव्हीए गुपचूप खोल शिरतात आणि वर्षांनी सुरकुत्यांचं बिल पाठवतात. "असं होय," म्हणून हे पेपरात शिरले.

खरेदीला गेले तर आकड्यांनीच घेरलं. एसपीएफ म्हणजे यूव्हीबीपासून बचावाचा आकडा. 30 असेल तर साधारण 97 टक्के किरण अडतात, 50 असेल तर 98. फरक एका टक्क्याचा. पण 97 मार्क आणल्यावर "उरलेले तीन कुठे गेले?" विचारणाऱ्या घरात मी वाढलेय. 50च घेतलं. यूव्हीएसाठी 'पीए'पुढची अधिक चिन्हं मोजायची असतात, तीही चार निघाली.

पहिली ट्यूब झिंक ऑक्साइडची. स्वस्त, त्वचेला सौम्य, डोळ्यांना न झोंबणारी. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले, रंग तेवढा जुळला नाही. मी चोळत राहिले आणि ते भुवयांत जाऊन बसलं. लेकीने मला पाहून विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का?"

दुसरी पाण्यासारखी पातळ, लावताच गायब. त्याच दिवशी ऑफिसात एकांचा निरोपसमारंभ होता. हे गृहस्थ निवृत्त कधी होतात याची मी नऊ वर्षं वाट पाहिली होती. पंखा बंद, घाम सुरू, आणि घामाबरोबर सनस्क्रीन थेट डोळ्यांत. भाषण संपेपर्यंत माझ्या गालांवरून धारा लागलेल्या. गृहस्थ हेलावले. "तुम्हाला इतकं वाटत असेल, कल्पना नव्हती," म्हणाले. अजून रोज पहाटे त्यांचा सुविचार येतो.

तिसरीवर 'सौम्य ग्लो' असं लिहिलंच होतं. ही चमक म्हणजे अभ्रकाची बारीक पूड. बाथरूमच्या दिव्यात ती फार घरंदाज दिसली. खिडकीशी बसले, तिरपं ऊन गालावर आलं आणि एकेक रंध्र भेटकार्डावरच्या चमकीसारखं लखलखू लागलं. चष्म्याच्या नाकाशी टेकणाऱ्या गोट्या चमकत होत्या, फोनच्या काचेवर माझ्या गालाचा झगमगीत ठसा उमटला होता. सौम्य हा शब्द छापणाऱ्याने नेमका कुठल्या उजेडात छापला, देव जाणे.

चौथी साधीच. अभ्रक नाही, ग्लिसरीन आहे. त्वचा जरा ओलसर राहते आणि उजेड तिच्यावर आपणहून पडतो. किंमत पहिल्या तिन्हींपेक्षा कमी. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, "सुट्टीवर जाऊन आलीस का गं?" मला स्वर्ग दोन बोटं उरला.

तीच दोन बोटं महागात पडली. लेकीने विचारलं, "आई, किती लावतेस?"

"वाटाण्याएवढं."

तिने कपाळावर हात मारला. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. एसपीएफची चाचणी म्हणे चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थापून करतात; वाटाणाभर लावलं तर 50चा आकडा ट्यूबवरच राहतो. शिवाय उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. मी कागद घेतला. एका वेळी साधारण सव्वा मिली धरलं, तर 50 मिलीची ट्यूब चाळीस वेळा. सकाळ-दुपार लावलं तर वीस दिवस. म्हणजे हे सनस्क्रीन मला परवडत होतं, ते मी लावत नव्हते म्हणून.

तरीही नेटाने दोन बोटं सुरू केली. बाराव्या दिवशी ट्यूब संपली. कात्रीने कापली, आतून खरवडली, हिशेब दोनदा तपासला. आठ दिवस कुठे गेले?

तेवढ्यात हे बाहेर निघाले. चप्पल पायात, टोपी खुंटीवर. दारातलं ऊन डोक्यावर पडलं आणि मी बघतच राहिले. घाम नाही, तेल नाही, चमकी तर नाहीच. मी चार ट्यूबा शोधत होते ती चमक, अगदी तीच.

"टोपी राहिली," मी म्हटलं.

"आता गरज वाटत नाही गं," हे टाळूवरून हात फिरवत म्हणाले. "पण दोन बोटं पुरत नाहीत हं. मला चार लागतात."